नावाची मुदत

महाडजवळच्या सवसारख्या गावात शाळेच्या लोखंडी कपाटावर तैलरंगाने लिहिलेलं असतं : ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. मोठ्या विद्यापीठाच्या देणगी कक्षात बसणाऱ्या अधिकाऱ्यापुढे प्रश्न तोच येतो. फक्त कपाटाच्या जागी सभागृह असतं आणि आकड्यावर शून्यं वाढलेली असतात. नाव कुणाचं, किती रकमेला आणि किती वर्षांसाठी?

या कामातला पहिला धडा मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात उभा आहे. कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं ठरलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांचं दिवाळं वाजलं. मनोऱ्याची पायाभरणी झाली १८६९ साली, काम पुरं झालं १८७८ साली. देणगी तेजीतच पदरात पडली होती, म्हणून राजाबाई टॉवर उभा राहिला. रक्कम जमा झाल्याशिवाय पाटी लावायची नाही, हा नियम अधिकाऱ्याला इथेच पटतो.

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले. तेव्हा एका इमारतीला नव्हे, अख्ख्या विद्यापीठालाच त्यांच्या आईचं नाव मिळालं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. लोकांच्या तोंडी मात्र उरलं ‘एसएनडीटी’.

खरी डोकेदुखी छोट्या देणग्यांची. जुन्या काळी काही हजारांची ठेव ठेवून कुणी आजोबांच्या नावाने सुवर्णपदक सुरू केलेलं असतं. आता त्या व्याजात सोनं सोडाच, मुलामाही बसत नाही. वारसांना पत्र जातं : ठेव वाढवा, किंवा पदकाऐवजी नुसतं प्रमाणपत्र चालेल का ते कळवा. उत्तर बहुधा येत नाही. जुन्या करारात मुदतीचा शब्दच नसतो.

म्हणून हल्ली करारातच लिहून घेतात : नाव त्या वास्तूच्या किंवा वस्तूच्या आयुष्यापुरतं. बाकाचं किंवा कपाटाचं निर्लेखन झालं की नावही संपलं. महाडला ही अट पटवून द्यावी लागणार नाही. जुलै २०२१ च्या पुरात सावित्री नदीचं पाणी गावभर शिरलं होतं.

नावांचा दुसरा वर्ग मात्र दरपत्रकाबाहेरचा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. मुंबईहून सवकडे येताना महाडच्या अलीकडे लोणेरे लागतं. तिथलं १९८९ चं तंत्रशास्त्र विद्यापीठही बाबासाहेबांच्या नावाचं, आणि चवदार तळं तिथून जवळच. अशा विद्यापीठात उद्या एखाद्या कंपनीने प्रयोगशाळा बांधून दिली, तर दारावर कंपनीचं नाव किती उंचीच्या अक्षरांत आणि मूळ नावाच्या किती खाली, हे धनादेश घेण्याआधी व्यवस्थापन परिषदेत ठरवून घ्यावं लागतं.