आजीचं 'मी येतो'

मी पक्की कॉन्व्हेंटची. मराठीच्या पेपरला घाम फुटायचा. म्हणून शेगावच्या हॉस्टेलवर सबमिशन संपल्यावर मी स्पॅनिशचं पुस्तक उघडलं, तेव्हा रूममेट म्हणाली, "आधी मराठी तर नीट बोल!"

पण गंमत अशी, की स्पॅनिशमध्ये घोडा 'ब्लांको', गाय 'ब्लांका' आणि घोडे 'ब्लांकोस'. म्हणजे आपलंच पांढरा, पांढरी, पांढरे! इंग्रजीतलं 'व्हाइट' बिचारं कधी बदलतच नाही.

मग क्रियापद आलं. 'आब्लो' म्हणजे मी बोलतो आणि मी बोलतेसुद्धा. मुलगा असो वा मुलगी, रूप एकच. तिथे मी थांबले. खामगावकडची माझी आजी वऱ्हाडीत "मी येतो" म्हणते. शाळेत असताना मैत्रिणींसमोर मी तिला टोकलं होतं, "आजी, येतो नाही, येते!" त्यानंतर माझ्या मैत्रिणी आल्या की ती गप्पच बसायची.

आजी चुकत नव्हती. तिच्या बोलीचा नियमच तसा आहे.

परवा घरी गेले होते. निघताना दारात म्हटलं, "आजी, मी येतो."

ती हसली. "ये वं माय, लवकर ये."