उलटा काळ आणि बोल्ट्झमन

१/ १८७२ साली ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी दावा केला की, निसर्गाचा एकमार्गी प्रवास रेणूंच्या टकरींच्या गणितातूनच सिद्ध होतो. म्हणूनच तापलेले पाणी निवते, कुपीतले अत्तर दरवळून विरते आणि परतत नाही.

२/ १८७६ मध्ये त्यांचेच ज्येष्ठ स्नेही योहान लोश्मिट यांनी या दाव्याच्या मर्मावर बोट ठेवले. न्यूटनच्या यामिकीला काळाची दिशा ठाऊकच नाही. एखाद्या क्षणी प्रत्येक रेणूचा वेग नेमका उलटा केला, तर विरलेला गंध कुपीत परतलाच पाहिजे. मग दुतर्फा नियमांतून एकतर्फी काळ निघाला कसा?

३/ बोल्ट्झमन यांचे उत्तर १८७७ मध्ये आले: परतणे अशक्य नाही, केवळ कमालीचे असंभाव्य आहे. गंध खोलीभर पसरलेला असण्याच्या रचना अफाट. कुपीत कोंडलेला असण्याच्या त्यांच्यापुढे नगण्य.

४/ या उत्तराची किंमत मोठी होती. अटळ म्हणून मांडलेला नियम आता संभाव्यतेच्या आधारावर उभा राहिला. शिवाय, अत्तर मुळात कुपीत होते कसे, हे ही मोजणी सांगत नाही. यामिकी उलटसुलट चालते. काळाला दिशा मिळते ती त्या सुव्यवस्थित आरंभामुळे.

५/ १९०६ मध्ये बोल्ट्झमन यांनी आपले जीवन संपवले. व्हिएन्नातील त्यांच्या समाधीवर आज एन्ट्रॉपीचे सूत्र कोरलेले आहे. त्या सूत्राकडे नेणाऱ्या वाटेवर एका मित्राची शंका उभी आहे.