भाड्याच्या दोन खोल्या आणि व्याजाचा प्रश्न

वणी तालुक्यातलं आमचं राजूर म्हणजे कोळसा खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं गाव. बाहेरून कामाला आलेली माणसं इथे खोली शोधतात. मी बांधकामाची छोटी कामं ठेक्याने घेतो. पगारदाराला पीएफ असतो, आम्हाला हात चालतात तोवरच कमाई. म्हणून भाड्याने द्यायला दोन खोल्या बांधायच्या ठरवल्या.

पैशाचं गणित मात्र सोपं नव्हतं. बँक आमच्याकडे आयकर विवरणपत्रं मागते. छोट्या व्यावसायिकाला उलाढालीच्या किमान ८ टक्के नफा दाखवता येतो. रक्कम बँकेतून आली असेल तर ६ टक्के. बरेच जण तेवढाच दाखवतात. म्हणजे २० लाखांच्या कामांवर कागदोपत्री उत्पन्न १ लाख ६० हजार. कर वाचतो, पण कर्जही त्याच आकड्यावर मोजलं जातं. त्यात १० लाख कर्जाला ९ टक्क्यांनी १५ वर्षं दरमहा १० हजारांवर हप्ता, एकूण परतफेड १८ लाखांच्या वर. खाणीचं काम मंदावून खोल्या रिकाम्या राहिल्या तरी हप्ता थांबत नाही.

शिवाय व्याजाचा प्रश्न. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. मग आमच्यासारख्याने काय करायचं?

आम्ही भागीदारी केली. निम्मे पैसे माझे, निम्मे आपा आणि दुल्हाभाईंचे. खरेदीखतावर दोन्हीकडची नावं. भाडं हिश्श्याप्रमाणे वाटायचं, खोली रिकामी तर दोघांचंही नुकसान. जमेल तसा मी त्यांचा हिस्सा त्या वेळच्या बाजारभावाने विकत घेत जायचं, दर वेळी रीतसर नोंदणी करून. फिक्ह यालाच घटती मुशारका म्हणतं.

‘‘घरातल्या घरात कागद कशाला?’’ असं आपा म्हणाली. पण कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचं लिहून ठेवण्याबद्दलच आहे. उद्या मी नसलो तर माझी मुलं आणि तिची मुलं त्या दोन खोल्यांसाठी भांडू नयेत, म्हणून मी कागदाचा आग्रह सोडला नाही. शेवटी पहिली सही तिनेच केली.