बिल्ला

अण्णांचा बंद गळ्याचा कोट वर्षातून दोन-तीनदाच कपाटाबाहेर यायचा, आणि आला की आई आधी बिल्ला शोधायची. अंगठ्याच्या नखाएवढा, पितळी, वर पंख पसरलेला गरुड. 1971च्या युद्धाला 25 वर्षं झाली तेव्हा वायुसेनेतल्या माजी सैनिकांच्या संघटनेनं पुण्याच्या मेळाव्यात तो सगळ्यांना वाटला होता. कडेवर नाव आणि नंबर कोरलेलं पश्चिमी स्टार पदक मात्र ट्रंकेत रुमालात गुंडाळून असायचं. ते का लावत नाही, असं मी एकदा विचारलं.

"ते सरकारनं दिलंय गं. हा आपल्या माणसांनी दिलाय."

बिल्ला दिसला की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "विमान चालवायचात?" अण्णा सांगायचे, "नाही. मी एअरमन. कॉर्पोरल होतो. तोफा भरायचो." वायुसेनेत एअरमन म्हणजे अधिकारी नसलेला माणूस, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मग समोरच्याचा चेहरा थोडा उतरायचा. त्याचं मला फार वाईट वाटे. कॉलेजात मी "वडील एअरफोर्समध्ये होते" एवढंच बोलून गप्प बसायचे. मैत्रिणींनी वैमानिक समजावं, अशी मनातून इच्छा होती.

1997 साली लोंगेवालाच्या लढाईवरचा 'बॉर्डर' सिनेमा लागला. थिएटरात विमानं आली तशा शिट्ट्या वाजल्या. अण्णा बाहेर पडेपर्यंत काहीच बोलले नाहीत. घरी पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा जैसलमेरच्या हवाई तळावरची युद्धातली ती रात्र सांगितली.

1971च्या 4 डिसेंबरच्या रात्री लोंगेवालाच्या सीमाचौकीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात लढण्याची सोय नव्हती, त्यामुळे वैमानिकांना उजाडेपर्यंत थांबणं भाग होतं. ती रात्र जमिनीवरच्या माणसांची होती. हंटरच्या पोटात 30 मिलिमीटरच्या चार तोफा. त्यांच्या नळ्या विमानातच राहतात. बाकी सगळं गोळ्यांच्या माळांसकट एका पेटाऱ्यासारखं खाली उतरतं. त्याला गन पॅक म्हणतात. रिकामा काढायचा, भरलेला चढवायचा, की काही मिनिटांत विमान पुन्हा तयार. ब्लॅकआउट असल्यामुळे टॉर्चवर कागद गुंडाळलेला. वाळवंटातली थंडी, लोखंड बर्फासारखं गार. तरी अण्णा हातमोजे काढून ठेवायचे. मोज्यातून माळेतली वाकडी बसलेली गोळी बोटांना कळत नाही. "ती वर अडकली तर सोडवायला तिथं कोण असतं?" हे सांगताना त्यांची बोटं चादरीच्या काठावरून माळ चाचपल्यासारखी सरकत होती.

5 तारखेला उजाडताच विमानं गेली. रिकामी होऊन परत आली, भरून पुन्हा गेली. वाळूत रणगाड्यांच्या पट्ट्यांचे वेडेवाकडे गोल उमटलेला त्या लढाईचा हवाई फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. अण्णांनी मात्र तिथला एकही रणगाडा पाहिला नाही. गोळ्या सुटल्या की माळेच्या मोकळ्या झालेल्या कड्या हंटरच्या पोटाखालच्या दोन फुगवट्यांत साठतात. परतलेल्या विमानाचे ते फुगवटे उघडल्यावर कड्या खळखळत खाली यायच्या. तोफ चालल्याची त्यांना मिळालेली खबर एवढीच.

अण्णांनी हे सांगितल्यानंतर मी मैत्रिणींना खरं सांगू लागले, आणि सांगताना मला अभिमान वाटू लागला.

पुढे दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी त्यांच्याबरोबर बँकेत जायचे. शेवटच्या वर्षी मशीनवर त्यांचा अंगठाच उमटेना. जन्मभर अवजारं हाताळून रेषा पुसल्या होत्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बोट दाबून झालं. काउंटरवरचा मुलगा कोटावरच्या बिल्ल्याकडे बघत म्हणाला, "आजोबा, विमान चालवायचात?"

अण्णांच्या आधी मीच उत्तर दिलं, "नाही. तोफा भरायचे. लोंगेवालाला गेलेल्या विमानांच्या."

तो मुलगा खुर्चीवरून उठला. काउंटरच्या बाहेर आला, अण्णांचा हात हातात घेऊन ओल्या कापडानं पुसला आणि मग मशीनवर ठेवला. या वेळी अंगठा उमटला.

अण्णा आता नाहीत. बिल्ला माझ्याकडे आहे, पदकाच्या शेजारी, त्याच रुमालात. तुम्हाला एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या कोटावर असा गरुड दिसला, तर विमान चालवायचात का, असं विचारू नका. तुमचं काम काय होतं, असं विचारा, आणि थोडा वेळ काढून ऐका.