सहा अश्वशक्ती, बारा किलो

जुना चेनसॉ समोर आला की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न सीसीचा असतो आणि दुसरा अश्वशक्तीचा. ज्याचे हात वर्षानुवर्षं या इंजिनांत काळे झालेत, त्या मिस्त्रीची सुरुवात मात्र वेगळी असते. तो इग्निशन बंद करतो, स्टार्टरची मूठ धरून सगळं मशीन दोरीवर लटकू देतो आणि बघतो. मशीन सरळ खाली घसरलं तर सिलिंडरमध्ये दाब उरलेला नाही. अडखळत, टप्प्याटप्प्यानं उतरलं तर रिंगा अजून जिवंत आहेत. मग सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन तपासायचा. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर कागदावरची अश्वशक्ती कितीही असो, ते इंजिन उघडावंच लागतं.

कागदावरचे आकडे बघायचेच, तर ‘स्टिल कॉन्ट्रा’पासून सुरुवात करावी. १९५९ साली जर्मनीत हे मशीन आलं. १०६ सीसी, ६ अश्वशक्ती, वजन सुमारे १२ किलो. त्याआधीच्या बऱ्याच करवतींमध्ये इंजिन आणि चेन यांच्या मध्ये गिअर असत आणि ते वजनही वाढवत. कॉन्ट्रात क्रँकशाफ्टची गती क्लचमधून थेट स्प्रॉकेटला मिळते. अमेरिकेत हेच मशीन ‘लायटनिंग’ नावानं विकलं गेलं.

आता शेजारी त्याच घराण्यातलं आजचं ‘एमएस ४६२’ ठेवा. ७२.२ सीसी, ४.४ किलोवॉट, म्हणजे जवळपास तेवढीच ६ अश्वशक्ती. बार आणि चेन सोडून वजन ६ किलो. शक्ती तीच, सिलिंडर एक-तृतीयांशानं लहान, वजन निम्मं. तुलना इथंच संपली असं कुणालाही वाटेल.

पण शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा गुणाकार. कॉन्ट्रा आपली पूर्ण शक्ती मिनिटाला सात हजारांच्या आसपास देते. आजच्या या वर्गातल्या इंजिनाला त्यासाठी साडेनऊ-दहा हजारांपर्यंत चढावं लागतं. हिशेब केला, तर त्या बिंदूवर जुन्या इंजिनाचा टॉर्क ६ न्यूटन-मीटरच्या घरात येतो आणि नव्याचा चारच्या थोडा वर. फांद्या छाटताना हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, तिथं नवं मशीनच सरस. पण लांब बार फणसाच्या किंवा सागाच्या जाड बुंध्यात पूर्ण बुडालेला असेल, ओंडका उभा चिरून फळ्या काढायच्या असतील, तर फेरे पडले तरी ओढ न सोडणारं इंजिन हवं. कॉन्ट्राच्याच वंशातलं, त्याच १०६ सीसीचं ‘०७०’ आशिया-आफ्रिकेत इतकी वर्षं टिकलं त्यामागे हे कारण आहे.

अमेरिकन कंपन्यांनी हीच ओढ दुसऱ्या वाटेनं मिळवली. मॅक्युलॉकचं १९४९ सालचं ‘३-२५’ हे एका माणसानं चालवायचं २५ पौंडांचं मशीन होतं. १९६०च्या दशकातल्या ‘होमलाइट एक्सएल-१२’नं वजन आणखी उतरवलं. ५४ सीसी, आणि बार-चेन सोडून अवघे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोंच्या आत. या इंजिनांत कार्ब्युरेटर आणि क्रँककेसच्या मध्ये रीड व्हॉल्व्ह असतो. क्रँककेसमध्ये ओढ निर्माण झाली की त्याच्या पातळ पात्या उघडतात, दाब वाढला की मिटतात. त्यामुळे कमी फेऱ्यांवर आत आलेलं मिश्रण उलटं बाहेर जात नाही. युरोपीय मशीनमध्ये हे काम बहुधा पिस्टनची कडा करते. तिची वेळ ठरलेली, त्यामुळे संथ चालीत थोडं मिश्रण मागे फेकलं जातं, पण वरच्या फेऱ्यांत वाट मोकळी असते. एक्सएल-१२ ला नव्या मशीनसारखं किंचाळायला लावू नये. ती जड आवाजात कापते, तिला तसंच कापू द्यावं.

इंजिनांबद्दल बोलताना चेन विसरली, की सगळी तुलना फसते. १९४६ साली ऑरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यानं एका अळीला लाकूड आडवं-उभं सारख्याच सहजतेनं पोखरताना पाहिलं. तिच्या आकड्यासारख्या जबड्यांवरून त्यानं जी चिपर चेन घडवली, ती १९४७ साली बाजारात आली. आजच्या चेनचा दात त्याच कल्पनेवर उभा आहे. बोथट चेन लावलेलं ६ अश्वशक्तीचं मशीन नीट कानस मारलेल्या ४ अश्वशक्तीच्या मशीनमागे पडतं. म्हणून दोन इंजिनं जोखायची, तर दोघांनाही सारखीच धार हवी.

वजन आणि ओढीपेक्षाही मोठी गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. कॉन्ट्राच्या मुठी इंजिनाला थेट बोल्टनं आवळलेल्या. १९६०च्या दशकात जपान, ब्रिटन आणि उत्तर युरोपातल्या जंगल कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली. सतत कंप सोसलेल्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या बिघडल्या होत्या. स्टिलनं १९६४ साली कंपरोधक मूठ आणली, हुस्कवार्नानं १९६९ साली. चेन ब्रेक आला तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. इंजिनाची शक्ती सहा दशकांत फारशी बदलली नाही, माणसाच्या हातांचं रक्षण मात्र पुष्कळ बदललं. जुन्या इंजिनावर जीव असलेल्या कारागिरानंही हे मोकळेपणानं मान्य करावं. ताठ मुठीचं मशीन दिवसभर कुणाच्या हाती देऊ नये.

जुनं इंजिन चालतं ठेवायचं, तर आता पेट्रोलकडेही बघावं लागतं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, महाराष्ट्राच्या उसातूनही आलेलं. जुन्या कार्ब्युरेटरचा रबरी पडदा आणि इंधनाची नळी त्यासाठी बनलेली नव्हती. पडदा ताठरला की इंधन कमी मिळतं. नळीला चीर गेली की इंधनासोबत हवा ओढली जाते. दोन्हींत मिश्रण पातळ होतं. या इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळत असल्यामुळे पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. त्यामुळे अनुभवी मिस्त्री काम संपलं की टाकी रिकामी करतो, उरलेल्या पेट्रोलवर मशीन बंद पडेपर्यंत चालवतो आणि इथेनॉल सोसणारा पडदा व नळी आधीच बसवून ठेवतो.