पिठीसाखर आणि वडिलांची रिक्षा

आमचे वडील विजेवर चालणारी रिक्षा चालवितात. ती त्यांनीं २०२३ सालीं वापरलेली अशी विकत घेतली. कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत. पुढील खणांत एक लहानशी वही असते, तींत रोजच्या फेऱ्या लिहिलेल्या असतात. पहिल्या वर्षीं एकदां बॅटरी भरली कीं स्टेशनच्या नऊ फेऱ्या होत. आतां सात होतात. ह्या दोन फेऱ्या कोठें गेल्या, हा प्रश्न आमच्या घरीं हप्त्याच्या तारखेस विशेषेंकरून निघतो.

सहामाही परीक्षेनंतर आम्ही तो आमच्या शास्त्राच्या गुरुजींपुढें मांडिला. त्यांनीं पाण्याचे दोन पेले मागवून एकांत खडीसाखरेचा खडा टाकिला व दुसऱ्यांत तितक्याच वजनाची पिठीसाखर. पिठीसाखर पाहतां पाहतां विरली; खडा मात्र कितीतरी वेळ तळाशीं बसून होता!

अशा रिक्षाच्या लिथियम-आयन बॅटरींतील धन अग्र बहुधा लिथियम, लोह व फॉस्फेट यांच्या संयुगाचें असतें. तें १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें आणिलें. (गुडइनफ यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, वर्गांत मागें पडणाऱ्या आम्हांस ही गोष्ट फार आवडली.) हें संयुग सहसा भडकत नाहीं, परंतु वीज वाहून नेण्यांत मोठें आळशी. लिथियमचे कण त्याच्या स्फटिकांतील अरुंद बोळांतून सरकतात. एका ठिकाणीं वाट अडली कीं मागची रांग खोळंबते. म्हणून स्फटिकच अतिशय बारीक करितात व वर कार्बनचा पातळ लेप देतात. ही बारीकी नॅनोमीटरांनीं, म्हणजे मिलिमीटरच्या दहालक्षांश भागांनीं, मोजावी लागते. वाट दहापट आखूड झाली, तर वेळ शंभरपट कमी लागतो. आम्हांस हा हिशेब प्रथम खोटाच वाटला. पण कण सरळ चालत नाहींत, भटकत भटकत जातात, हें त्याचें कारण.

मग सगळेंच बारीक कां करूं नये? पावसाळ्यांत पिठीसाखरेचा डबा उघडा राहिल्यास काय होतें, तें आमच्या मातोश्रींस विचारावें! बारीक वस्तूचा पृष्ठभाग अफाट वाढतो. ऋण अग्राच्या पृष्ठभागावर आंतील द्रावाशीं नको ती क्रिया होऊन एक साय धरते, आणि तींत लिथियम कायमचें अडकतें. म्हणून तेथें ग्रॅफाइट जाडसरच ठेवितात. तरी साय हळूहळू वाढतेच, आणि उष्णतेनें अधिक लवकर वाढते. आमच्या दोन फेऱ्या बहुतेक तेथेंच गेल्या असाव्यात.

रात्रीं आम्ही हें सर्व वडिलांस सांगितलें. त्यांनीं निमूटपणें ऐकून घेतलें व विचारिलें, "मग बाळ, त्या परत निघतात का?"

"नाहीं बाबा."

"आणि ऊन टाळलें तर?"

"पुढच्या जरा उशिरानें जातील."

दुसऱ्या दिवसापासून दुपारची रिक्षा स्टेशनच्या फाटकासमोर उभी न राहतां पलीकडच्या कडुनिंबाखालीं उभी राहूं लागली. तेथें गिऱ्हाईक उशिरा येतें.