डोळे मिचकवा!

पूर्वी बँकेत खाते उघडायचे म्हणजे जुन्या खातेदाराची ओळख लागे. गुलमंडीवरच्या एखाद्या दुकानदाराने अर्जावर सही ठोकली की काम फत्ते! जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली. पलीकडचा अधिकारी पॅनकार्ड पाहतो, उलटसुलट प्रश्न विचारतो. माणूस भारतातूनच बोलतो आहे ना, हेही तपासतो. कन्नडहून एस.टी.ने येण्याचा खटाटोप वाचला, हे कोण नाकारील?

पण आमची आजी! समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची यंत्राला खात्री हवी, म्हणून हुकूम सुटला, "डोळे मिचकवा." आजी म्हणाली, "अगं बाई, परक्या माणसाला? या वयात?" आम्ही पोट धरून हसलो. मग हसू ओसरले. तोंडावरून वारे गेल्यापासून तिची उजवी पापणी मिटतच नाही. तीनदा प्रयत्न केला, तीनदा नापास!

अॅसिडहल्ल्यात पापण्याच गमावलेल्यांनी काय करावे? त्यांच्यापैकीच काहीजणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने बजावले : पापणी मिचकावण्याला दुसरे पर्याय द्या.

आजीचे खाते अजून उघडायचेच आहे. बँकेची शाखा दुसऱ्या मजल्यावर, आणि तिला जिना चढवत नाही.